खुंटा

सँडपेपर लावायचा नाही, हे मी पहिल्या संगिनीवर शिकलो.
खडेबाजारात दस्तगीरच्या भंगारात सापडलेली,
सतरा इंची पातं, एकोणीसशे सोळाचा शिक्का.
एका रविवारात मी तिचा आरसा केला
आणि शिक्काच घासून टाकला.
दस्तगीर म्हणाला, झकास केलंत की ओ,
आता भाजी चिरायला घ्या.

उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं
हात जे शिकले होते, ते सगळं उलटं गिरवावं लागलं.
तिथे गंज म्हणजे नापास माल.
इथे गंजाच्याही दोन जाती:
तांबडा खातो, त्याला उतरवायचं;
काळा पांघरूण घालतो, त्याला राहू द्यायचं.
पितळी ब्रश, शिवणयंत्राचं तेल, जुन्या बनियनची चिंधी.
मुठीच्या लाकडाला जवसाचं तेल, दोन थेंब, तिसरा नको.
आणि पातं चामड्याच्या म्यानात कधीच ठेवून द्यायचं नाही,
चामडं गोड बोलून लोखंड खातं.
बायको म्हणते, हे नक्की कुणाबद्दल चाललंय?

पाश्चापूरच्या पुढं एका मळ्यात
नीलव्वाची म्हैस संगिनीला बांधलेली होती.
तीन धारांची, कोपरासारखी वाकलेली मान.
मार्टिनी बंदुकीची! रस्त्यावरूनच ओळखली,
गाडी बंद करायचंही भान राहिलं नाही.

माझं कन्नड बसच्या पाट्यांपुरतं,
तिचं मराठी दूध विकण्यापुरतं.
कुणाची ही?
यारिगे गोत्तु, ती म्हणाली. कुणाला ठाऊक.
सासरा म्हणायचा, खुंटा पक्का आहे,
म्हैस माजावर आली तरी उपटत नाही.

मी दोन हजार म्हणालो. ती हसली.
चार म्हणालो. तिनं म्हशीकडं बघितलं.
शेवटी ठरलं ते असं:
मी नवा खुंटा करून आणायचा, याच मापाचा, याच वजनाचा,
आणि म्हशीला तो पटला तर.

जुन्या मालकाच्या लेथवर सळी लावली.
इतकं मन लावून मी कंपनीचा एकही पार्ट केला नव्हता.
तिसऱ्या दिवशी फोन आला,
दोनच शब्द: म्हैस बसली.

शेण, मूत, चिखल, थरावर थर.
तीन आठवडे रॉकेलमध्ये.
मग मानेवर आकडे वर आले, तीनशे सतरा.
नाव नाही. लोखंडावर नाव कोण कोरतं,
ते तर परत जमा करायचं असतं.
हा तीनशे सतरा कुठल्या गावचा, बोलायचा काय,
थंडीत मूठ कशात गुंडाळायचा, काही कळायला मार्ग नाही.

टोक बोथट आहे. मातीनं केलंय.
हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू,
दोन मिनिटांचं काम, दगड समोरच होता.
पण मानेखाली एक कडं चकाकत होतं,
दोरी फिरून फिरून गुळगुळीत झालेलं.
त्याच्यावर काळाही नव्हता, तांबडाही नव्हता.
मी दगड उचलून फळीवर ठेवला.

चिठ्ठी लिहिली, दोऱ्यानं बांधली:
मार्टिनी, तीन धारी, नं. ३१७.
सैन्यात किती वर्षं, माहीत नाही.
म्हशीपाशी, अंदाजे साठ.

भरतीसाठी पहाटे पळणारी गल्लीतली पोरं
कधी कधी घामेजलेली आत येतात.
काका, हिनं किती मारले?
मी म्हणतो, यारिगे गोत्तु.
ती हसतात. त्यांना ती चिठ्ठी वाचायची नसते,
हातात धरून फोटो काढायचा असतो.
धरू देतो. नंतर बोटांचे ठसे पुसतो,
घाम सगळ्यात आधी चढतो.

म्हैस व्याली तेव्हा नीलव्वा खरवस घेऊन आली.
भिंतीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.
डबा ठेवला आणि तक्रार केली,
नव्या खुंट्याला गंज चढलाय, काय लावू?

काळा की तांबडा, मी विचारलं.