तरसाच्या पोटात

एप्रिल संपताना कूलर लागले
की प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये
आधी वाळ्याचा वास येतो,
दुपारी दोननंतर तरसाचा.

यंदा जरा जास्तच.
बीएस्सीच्या पोरी नाकाला दुपट्टा लावून
मुंगसापर्यंत जायच्या, तिथूनच माघारी.
खेडीकर मॅडम म्हणाल्या,
"बारापात्रेभाऊ, तपासणीवाले येऊन राहिले,
मारा ना त्याच्यावर काहीतरी."
कोणीतरी मोगऱ्याचा स्प्रे आणून मारला.
मोगरा माळलेलं तरस
तीन दिवस सोसलं आम्ही.

मी शिकलो खलीलमिस्त्रींच्या हाताखाली,
मोमिनपुऱ्यात, जिन्यावरच्या खोलीत.
म्हणायचे, हात नंतर घाल, आधी वास ओळख.
खवट असला तर चरबी राहिली, सोलणाऱ्याची चूक.
कुबट असला तर भिंतीला ओल आहे.
डांबरगोळीचा असला
तर कोणाची तरी चूक कोणीतरी झाकली.
आणि गोडसर असला तर
एवढं बोलून ते विडी शोधायला लागायचे.

रविवारी कॉलेज बंद होतं.
तरसाला मागच्या व्हरांड्यात आणलं,
मास्क बांधला, मोजे घातले.
जुन्या कातड्यात सोमल असतो,
तो माणूस ओळखत नाही.
पायाशी पाटी : काटोलची वाट, १९५८.
डोळे काचेचे, त्यातला डावा
बहुतेक कुत्र्यासाठी घडवलेला,
म्हणून त्या बाजूनं ते
आपल्या गल्लीतलं वाटतं.

कानाच्या मुळाशी हुंगलं. काही नाही.
पंजे. धूळ.
पोटाच्या शिवणीशी नाक नेलं
आणि मला मिस्त्रींची विडी आठवली.

नऊ टाके उसवले.
तणीस निघाली, सुतळी निघाली,
पिवळ्या वर्तमानपत्रात संत्र्याचे भाव,
आणि मागच्या मांडीच्या तारेपाशी
कातरलेल्या कागदाचं, तरसाच्याच केसांचं
गोल, नीट, बोटभर उंच घर.
आत उंदरीण.
तिच्या कुशीत चार,
शेंगदाण्याएवढे,
डोळे न उघडता सुकलेले.

जन्मभर मेलेलं खाऊन जगलं हे जनावर.
मेल्यावर इतक्या वर्षांनी
कोणीतरी त्याच्या पोटात राहायला आलं,
तर त्याला काही करता आलं नाही,
तोंड तेवढं उघडं.

कपाटाखाली विषाच्या वड्या
जानेवारीपासून मीच ठेवत होतो.
रजिस्टरात सही आहे.

मग जे करायचं ते केलं.
पोट खरवडलं, स्पिरिटनं पुसलं,
टाकणखार नि तुरटी चोळली.
उन्हात नाही ठेवलं, कातडं तडकतं;
कडुलिंबाच्या सावलीत ठेवलं,
जिथून गरम वारा सरळ जातो.
दोन दिवस राखण केली, कुत्री येतात म्हणून.
एक आलं, डाव्या बाजूनं बघत राहिलं,
शेपूट हलवावी की नाही, ठरेना त्याचं.
नवी तणीस भरली,
मधोमध कोळशाची पुरचुंडी.
टाके दहा पडले.
त्या पाचांना लिंबाखालीच पुरलं, पाटीबिटी नाही.

बुधवारी मॅडम दारातच थांबल्या,
दुपट्टा अर्धा खाली घेतला, मग पूर्ण.
"गेला की हो वास! काय मारलं?"

मी म्हणालो,
ते आधीच मारलं होतं, मॅडम.

त्यांनी मान डोलावली
आणि मुंगसाच्या पुढे गेल्या.