डोंगा

गाडी भंडाऱ्याच्या लिलावातून आली तेव्हा
दारावरचं सरकार खरवडून काढलेलं होतं,
तरी उन्हात तिरपं पाहिलं की
पांढऱ्या रंगाखालून ‘हिवताप’ एवढी अक्षरं वर यायची.
बाबा म्हणाले, राहू दे. ताप गेला, गाडी उरली.

अँबॅसॅडर इस्टेट. हे नाव घरात कोणालाच नीट घेता आलं नाही.
पुढून तलाठ्यासारखी गोल,
मागून लांबच लांब, संपतच नाही अशी.
गावानं एकदा फिरून पाहिली आणि ठरवलं:
दुधराम दिघोऱ्यानं रस्त्यावर चालणारा डोंगा आणला.
ढिवराच्या घरी दुसरं काय येणार.

मागची सीट बाबांनी पहिल्याच दिवशी काढली.
ती अंगणात गेली, आणि तिच्यावर पुढं वीस वर्षं
पाहुणे बसले, कुत्री व्याली, माझी सोयरीक ठरली.
तिच्या जागी मत्स्यबीजाच्या पिशव्या,
खाली पाणी, वर हवा, तोंडाला सुतळी,
आणि आत हलणारे हजार हजार जिरे.
रोहू, कटला, मिरगल.
आम्हांला सगळे सारखेच दिसायचे.
आई पिशवी उजेडाला धरायची आणि नावानिशी सांगायची.

पिशव्यांच्या मधे आम्ही: मी, मोरेश्वर, भागरता,
पाय दुमडून, मागच्या काचेकडं तोंड करून.
“पोट्टे हो, पानी झोपू देऊ नोका!”
बाबा पुढून ओरडायचे.
पाणी झोपलं की पिल्लं मरतात.
म्हणून पवनी ते अड्याळ, अड्याळ ते लाखनी
आम्ही पिशव्या हलवत जायचो,
भागरता तर झोपेतही हलवायची.

मागं तोंड असल्यानं गावं आम्हांला
निघून गेल्यावर दिसायची.
आधी वास यायचा, बांधीतल्या चिखलाचा,
कोष्ट्यांच्या दारातल्या खळीचा,
मग धावत येणारी पोरं,
मग ती थकून उभी राहायची,
आणि अख्खं गाव लहान होत होत
काचेच्या फुटक्या कोपऱ्यात मावायचं.
पुढून गाव कसं दिसतं
हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

एकदा क्लच गेला.
ना गाव जवळ, ना मिस्त्री.
चाळीस पिशव्या, आणि उन्हं उतरलेली.
बाबा बोनेटमध्ये डोकं घालून
गाडीला तिच्या आईवरून काहीबाही बोलत होते,
तेव्हा आईनं पदर खोचला
आणि रस्त्याकडेच्या एका बोडीकडं चालू लागली.
कोणाची बोडी, विचारायलाही कोणी नव्हतं.
आम्ही एकेक पिशवी पाण्यात ठेवली,
आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गार होऊ दिलं,
मग सुतळ्या सोडल्या.
चाळीस वेळा.
बाबा काही बोलले नाहीत.
रात्री गाडीतच झोपलो, पहिल्यांदा ऐसपैस,
आणि काचेतून चांदण्या मागं न जाता
जागच्या जागी राहिल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या भागातला एक माणूस
बाजारात सांगत होता,
आमच्या बोडीत देवानंच मासे सोडले.
बाबांनी त्याच्याकडून दोन किलो घेतले,
रोख पैसे दिले,
भाव थोडा करून पाहिला, देव काही कमी करेना.

पुढं टेम्पो आले, टाक्या आल्या.
डोंगा वजनावर गेला,
भंगारवाल्यानं काटा लावला तेव्हा आई म्हणाली
आतलं पाणी धरून मोजा.
तो हसला. ती हसली नव्हती.
एका चाकाची टोपी तेवढी तिनं काढून घेतली,
कोंबड्या अजून तिच्यात पाणी पितात.

मी आता नागपुरात खुर्चीवर बसून कामं करते.
टेबलावरची पाण्याची बाटली
बराच वेळ नुसती उभी दिसली
की बोलता बोलता हात तिच्याकडं जातो
आणि हलवून परत येतो.
समोरच्याला वाटतं, मला तहान लागली.