बटाटा

गाडी दहा मिनिटं आधीच चालू करून ठेवली,
एसी पूर्ण. सशाला ऊन सोसत नाही.
खजुरांच्या खोक्याला सुरीने भोकं पाडली,
गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून
आत त्याच्या कुशीशी,
आणि जर्जीरची एक जुडी.

रुवीत शुक्रवारी सकाळी
सिग्नल आपले एकटेच लाल होतात.
मागे ते उघडे तपकिरी डोंगर,
ज्यांच्यावर ससा सोडा, कुसळही नाही.

चौथ्या मजल्यावर परकारांच्या हॉलमध्ये
मराठीचा वर्ग भरतो. खानविलकर बाई
या आठवड्यात 'स'पर्यंत पोचल्या होत्या.
"मी काढला की मुलं म्हणतात मांजर.
तुमचा आणाल का जरा?"
आणतो म्हणालो. एरवी मला लोक
फक्त इन्कम टॅक्सचं विचारतात.

अकरा मुलं. दारात चपलांचा ढीग.
खोका उघडला तर हा बाहेर येईना.
प्रश्न मात्र आले:
हा अंडी घालतो का?
उन्हाळ्यात गावी नेता?
याचा व्हिसा कुणाच्या नावावर?
मी म्हणालो, याचा कफील मीच.
मोठी मुलं हसली.
लहानांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग नाक आलं,
मग एक कान,
मग दुसरा, टोकाला चिरलेला.

"हा कापूस," मी ओळख करून दिली.

झैनब परकार, वय सात, गुडघ्यांवर पुढे सरकली.
"नाही. हा बटाटा."
"बटाटाच," अथांग म्हणाला, "कान बघ ना."
"शौनकचा बटाटा!"
आणि सगळ्यांनी एकदम हाक मारली.

चार महिने मी कापूस कापूस करत
सोफ्याखाली वाकत होतो,
तव्यावरची पोळी करपेपर्यंत.
हा ढिम्म. मला वाटलं, बहिरा असेल.
आता तो चिरका कान वळला,
रेडिओची अँटेना फिरवावी तसा.

वॉचमन कुंजुमोनने दिला होता, पिंजऱ्यासकट,
लिफ्टपाशी. "फॅमिली गेली, सर. फायनल एक्झिट."
कोणती फॅमिली, मी विचारलं नव्हतं.
इथे विचारत नाहीत.
जाणाऱ्यांच्या कुंड्या, कुकर, इस्त्रीचं टेबल
जिन्यात उभं असतं,
लागेल ते आपण उचलतो.

बाईंनी फळ्यावरचा 'स' पुसला नाही
आणि पुढेही नेला नाही.
मुलं एकेक पान भरवत राहिली.
शौनक कुठे बसायचा ते मला दाखवलं:
खिडकीखाली, जिथे एसीचं पाणी गळतं.
तिथे अजून कुणी बसत नाही.
बहुधा पाण्यामुळे.

निघताना झैनबने झाकण धरून ठेवलं.
"काका, तुम्ही गेलात की हा कुणाकडे?"
मी म्हणालो, पुढच्या शुक्रवारी आणतो ना परत.
तिने झाकण सोडलं, पण माझ्याकडे बघतच राहिली.

सिग्नल लाल. रस्त्यावर कुणी नाही.
भोकाशी वाकून
मी हळूच म्हणालो, बटाट्या.

आत जर्जीर चावण्याचा आवाज
थांबला.