तेरावं घर

तीस वर्षं पाट्या रंगवल्या खडेबाजारात.
एकाच दुकानाची पाटी तीनदा:
आधी नुसती मराठी,
मग मराठीच्या डोक्यावर कन्नड,
मग मराठी एवढी बारीक
की मालकालाच चष्मा लागावा.
फ्लेक्स आलं. ब्रश डब्यातच कडक झाले.

म्हणून बागवान मॅडम जेव्हा म्हणाल्या,
"पांडबा, बोलता न येणाऱ्यांसाठी एक पाटी हवी,"
मी सवयीनं विचारलं, वर कुठली भाषा?
त्या हसल्या नाहीत.
"घशात नळी आहे त्यांच्या.
आडवं पडून दिसेल एवढं मोठं कर."

दोन फुटांचा पत्रा. बारा घरं.
तांब्या काढला, खाली पाणी, नीरु.
खिडकी, गोधडी, घरचं माणूस.
दुखण्याचं चित्र काही निघेना.
आरशापुढं बसून दात आवळले,
पत्र्यावर उतरलं ते हसू.
शेवटी नुसता माणूस काढला, टाळूपासून टाचेपर्यंत,
बोट ठेवशील तिथं दुखणं.

पहिला पेशंट वडगावचा भरमाणा सुळगेकर,
चाळीस वर्षं मागावर.
मॅडमनी त्याचं बोट धरून घराघरांतून फिरवलं.
तो बघत राहिला,
परक्याच्या लग्नातला अल्बम बघावा तसा.
मग पाटी सारली बाजूला.
दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवल्या,
फटकन दूर नेल्या.
पुन्हा. पुन्हा.
नर्स म्हणाली, बेडा? नको?
त्यानं डोळे मिटून घेतले.

बायको दारातनं धावत आली.
"धागा तुटलाय म्हणूलालाय की ओ!"

सुईपाशी सलाईनची नळी निसटलेली,
कोपराखाली गादी गुलाबी, ओली.

शेडात कुठलं ऐकू येतंय, ती सांगत होती
पदरानं त्याचा हात पुसत.
खडखडाटात आम्ही हातानंच बोलायचो.
चहा आला, असं. मालक आला, असं.
पोरीचं ठरलं हे मी यांना
त्या टोकाला उभी राहून सांगितलं, असं.
आणि तिनं करून दाखवलं.
मॅडमचं पेन वहीवर थांबलं होतं.

घरी येऊन कडेला तेरावं घर आखलं:
दोन चिमट्या, मधे तुटका धागा.
खाली काही लिहिलं नाही.
कोरी जागा सोडायला
हात तयार होईना, तरी सोडली.

भरमाणा गेला घरी, गळ्याला फडकं बांधून.
आता त्या खाटेवर नंदगडची बाई आहे.
माग तिनं बघितलासुद्धा नसेल.
तिचं बोट तांब्यावरून जातं,
गोधडीवरून, माणसावरून,
आणि तेराव्या घरावर थांबतं.

नळ्या तपासल्या. सलाईन, ऑक्सिजन, लघवीची पिशवी.
सगळं जागच्या जागी.
तिचा लेक म्हणतो, आईला काय कळतंय.

ती बोट काढत नाही.
मॅडम खुर्ची ओढून बसल्यात.
मीही उभा आहे मघापासून,
रंगाचा डबा हातात,
झाकण अजून न काढता.