शून्याचा खळगा

तार्तू. जानेवारी. सकाळचे नऊ, आणि अजून रात्रच.
हेल्दुर आजोबा बाही वर करून बसलेत,
मासे खारवून खारवून चिंबलेले हात.
शीर सापडेना. ते म्हणतात, "खोल खण, विर्वे,
आमच्या तळ्यावर बर्फालाही भोक पाडायला वेळ लागतो."

चाळीस जणांचं रक्त आलंय या आठवड्यात :
बेकरीतली लेलो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा ताइमो,
एक कोवळा सैनिक, सुईच्या नावानंच घेरी येणारा.
पांढऱ्या पेशी मी वेगळ्या करते,
रानातल्या बेरी धुवाव्या तशा धुते, दोनदा, हलक्या हातानं,
आणि शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत वाढते.
सगळ्यांच्या पानात सारखंच :
जंतूच्या विषाचा एक थेंब.
जंतू नाही. तो कधीच मेला.
हे फक्त त्याचं मागं उरलेलं बोलणं.

रात्रभर सदतीस अंशांची ऊब.

दुसऱ्या दिवशी वरचं पाणी उपसून रंग चढवते.
हेल्दुर आजोबा : ढिम्म. कानावर जूं नाही.
लेलोच्या पेशी जरा कुरकुरल्या नि निजल्या.
सतरावा खळगा माझा. फिकट.
पण तो सैनिक!
एका थेंबावर सारा गाव जागा, घंटा बडवत,
मोहरीच्या शेतासारखा पिवळाजर्द.
यंत्राला मोजता येईना, म्हणून पातळ करून पाहिलं.
पुन्हा तेच.

व्यक्ती तितक्या प्रकृती. म्हणायला सोपं आहे.

आइली माझ्याहून चौदा महिन्यांनी धाकटी.
पेइप्सीवर, बाबांच्या होडीत, एकाच गळानं
आधी माझा अंगठा फाटला,
मग ती हसली म्हणून तिचा.
मला दोन दिवस ताप, आणि शाळा बुडाल्याचा आनंद.
तिला तिसऱ्या रात्री अंगभर लाली, उन्हात भाजल्यासारखी,
आणि रक्तदाब उतरत गेला
जिना उतरावा तसा, मध्ये कुठंही न टेकता.

आई म्हणायची, तिच्यात ताकदच नव्हती.
वीस वर्षं म्हणत राहिली.
परवा फोनवर सांगितलं मी :
होती गं ताकद. ती सगळी एकदम धावून आली.
चोर एकच होता, तोही अंगणात.
त्याला धरायला तिनं घर पेटवलं.
आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"लहानपणापासून तशीच ती. कुणी हाक मारली
की चप्पल न घालता पळत सुटायची."

सैनिक पुन्हा रक्त द्यायला आला.
आकडे सांगायला मला बंदी आहे.
एवढंच म्हणाले, बुटानं फोड आला तर लपवू नकोस.
तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची आई होऊ पाहतेय.

कोपऱ्यातला एक खळगा मी मोकळा ठेवते.
ठेवावाच लागतो, नियम आहे.
त्यात कुणाचं रक्त नाही, विष नाही, नुसतं खारं पाणी.
यंत्र सगळ्यांत आधी तो वाचतं,
आणि मग तेवढं
प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करतं.
माझ्याही.