एका पानात बसवा

तहसीलदार म्हणाले, बाई, तुम्ही भूगोलाच्या.
तालुक्याची माहिती लिहून द्या,
एका पानात बसवा.

तर तालुका देवखडका.
बालाघाटाच्या पाठीवर उताणा पडलेला,
डोकं माळावर, पाय खोऱ्यात.
वर वीतभर माती, खाली मुरूम,
मुरमाखाली काळा पाषाण,
कुदळ लागली की ठिणगी दिसते,
पाणी दिसत नाही.
बोरडीच्या काठानं मात्र काळी जमीन.
चैतात तिला अशा भेगा पडतात
की गुलाबशाचं बकरं एकदा आत गेलं
ते शिंगं धरून वर ओढावं लागलं.
बोरडी नकाशात निळी आहे.
नकाशा काढणाऱ्याचा दोष नाही,
तो भाद्रपदात आला असेल.

हवामान कोरडे.
इथपर्यंत पुस्तकात आहे.
पुढचं कचेरीच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाला विचारावं,
तारेच्या कुंपणात, घाणेरीच्या झुडपाशेजारी.
केराप्पा शिपाई तीस वर्षं सकाळी साडेआठला
बाटली उजेडाकडे धरून वाचायचे.
शून्य असलं तरी शून्य लिहायला
तीन मैल चालत यायचे.
त्यांच्या वह्या मी चाळल्या.
सरासरी सहाशे चाळीस मिलिमीटर.
सहाशे चाळीस एकाही साली पडलेला नाही.
एकतर तीनशे, नाहीतर नऊशे,
आणि त्यातला निम्मा एका रात्रीत,
त्या तारखेचं पानच भिजून चिकटलेलं.

लोकसंख्या.

फसली तेराशे एकवीसचं दप्तर सापडलं.
रकाने उर्दूत, आकडे मोडीत.
पटवाऱ्यानं माणसं मोजली, बैल, आड,
शिंदीची झाडंसुद्धा,
झाडांचे आकडे जास्त सुवाच्य,
झाडांवर कर होता.
मग मानमोडीचं साल.
पुढच्या दप्तरात काही नावांपुढे एकच शब्द :
बेचिराख.
शिवी नाही, महसुली शब्द आहे.
जिथं दिवा लागत नाही ते गाव.
तालुक्यात अशी अकरा.
गट नंबर आहेत, शीव आहे,
एस. टी. थांबत नाही.

ॲक्शनच्या साली कासारगल्लीमागची नऊ घरं गेली,
कुठं गेली ते दप्तरात नाही.
गुलाबशाचे आजोबा तेवढे राहिले.
का राहिले विचारलं तर गुलाबशा म्हणतो,
शेळी व्यायला झालती.

बहात्तरला कुणी गेलं नाही,
सगळे पाझर तलावावर खडी फोडत होते.
एका जागी एवढी माणसं
तालुक्यानं पुन्हा पाहिली नाहीत.
(तलाव आहे. पाझरतो.)

मग माझी गणना.
फेब्रुवारी, दोन हजार अकरा, वरची वस्ती.
सदतीस घरांवर खडूनं नंबर टाकले,
एकोणतीसला कुलूप.
कारखाने चालू, कोयते खाली गेलेले.
प्रयागबाई ओसरीवर बसलेली,
कमरेला सुतळी,
सुतळीत साऱ्या वस्तीच्या चाव्या.
मावशी, किती माणसं राहतात इथं?
तिनं एकेक चावी बोटानं सरकवली.
ही मुक्तारामाची, पाच.
ही लंकाची, तीन, अन् एक वाटंत हाय,
फडातच होईल.
ही गंजली. पुण्याला गेले ते, आता येत न्हाईत,
पर चावी टाकून कशी देवावी?

तक्त्यात रकाना होता : कुलूपबंद.
तो भरला.
तिचे आकडे मागच्या बाजूला पेन्सिलीनं,
एकशे एकोणचाळीस
आणि ते फडातलं एक.

पान संपलं, साहेब.
समासात थोडी जागा आहे.
तिथं एवढं घालावं का, की वैशाखात
ट्रक परततात, आणि शाळेच्या गच्चीवरून
वरच्या वस्तीचे दिवे मोजता येतात?
मी मोजलेत. एकदा सव्वीस भरले,
एकदा चोवीस, मधे कुत्रं भुंकलं
आणि मी चुकले.

बसत नसेल तर नकाशा लहान करा.
बोरडी तशीही बारीकच आहे.