एकोणिसावा महिना

मकरपुऱ्यात वॉल्व्हच्या कारखान्यात
मी हिशेब लिहिते.
दांडिया बाजारातल्या घरी मराठी,
गेटपासून आत गुजराती, तिथे मी नुसती बेन,
आणि फॉर्म भरायचा तो इंग्रजीत.

फॉर्म म्हणतो : सहा महिने ज्याला काम नाही
असा माणूस ठेवा,
पगारातले तीन हजार आम्ही देऊ,
अठरा महिने.
हे ऐकताना किरीटभाईंनी चहा
साय धरायच्या आत संपवला.

मग यशवंत भोइटे आले. वय एकोणपन्नास.
काचेचा कारखाना बंद पडल्यापासून घरीच.
बेकारीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत,
लग्नपत्रिका जपावी तसा.
त्याखाली सही करताना
माझं पेन त्यांनी दोन-तीनदा झटकलं.
पेन चालू होतं.

कोपऱ्यातल्या जुन्या लेथ मशीनवर
आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो.
भोइट्यांनी त्याला कान लावला,
जरा तेल मागितलं, जरा शांतता.
दुसऱ्या आठवड्यात डबे खिडकीत गेले.

एकदा त्यांनी विचारलं,
"बेन, माझ्यातलं सरकारचं किती?"
चौदातले तीन, मी म्हटलं.
"म्हणजे डावा हात," ते हसले,
"तो तसाही जॉब नुसता धरून ठेवतो."

सतराव्या महिन्यात किरीटभाईंनी यादी मागितली.
वाईट नाहीत ते. दिवाळीला सगळ्यांना
सारख्याच वजनाची मिठाई देतात, स्वतः तोलून.
म्हणाले, भोइटेभाईंना सहा महिने घरी बसव.
पुन्हा बेकार झाले
की पुन्हा घेऊ.

हे मीच सांगायचं होतं.
पाण्याच्या टाकीजवळ सांगितलं.
साबण लावलेले हात तसेच धरून ते म्हणाले,
"बेकार व्हायला सहा महिने कशाला, बेन?
पहिल्या सोमवारीच होतो माणूस."
मग हात धुतले. नखांसकट, सावकाश,
पाळी संपल्यावर धुवायचे तसेच.

फॉर्ममध्ये एकोणिसाव्या महिन्याला रकाना नाही.
अठराव्याखाली शिक्क्याची जागा आहे.
मी शिक्का मारला. सरळ आला.

आता एक पोरगा आलाय, आयटीआय झालेला,
दाखला मोबाइलमध्ये.
सही करताना त्यानंही पेन झटकलं.

काल दुपारी लेथवर डबा होता,
त्याचाच असावा, अजून कोमट.
मी कुणाला काही बोलले नाही.
उचलून
खिडकीत ठेवला.